थ्रीडी प्रिंटरचा स्क्रीन हलवताय? आधी या चुका टाळा

एंडर ३ हा थ्रीडी प्रिंटर घरात आला की थोड्याच दिवसांत उजव्या कोपऱ्यात पुढे आलेला तो स्क्रीन खुपायला लागतो. मशीन कपाटात ठेवलं तर तो दाराला अडतो. भोवती एन्क्लोजर (बंद खोकं) केला तर तो आत राहतो आणि पाच अंश तापमान वाढवायचं तरी दार उघडा. टेबल वाटेत असेल तर येणाऱ्याजाणाऱ्याचा हात नॉबला लागतो. त्यामुळे स्क्रीन वर, बाजूला किंवा कपाटाच्या दारावर न्यायची इच्छा रास्त आहे. माझं भांडण घाईशी आहे. नाशिकात अंबडच्या गाळ्यापासून कॉलेज रोडच्या बाल्कनीपर्यंत कुठूनही "जरा बघायला येता का" असा फोन आला, की पोचायच्या आधीच मला माहीत असतं काय बघायला मिळणार ते.

आधी ब्रॅकेट, मग केबल

सगळ्यात जास्त डोकं उठवणारी चूक ही. ब्रॅकेट डिझाइन होतो, छापला जातो, रंगसुद्धा मशीनला मॅचिंग असतो. मग कळतं की केबल पुरत नाही. इथून पुढे जुगाड सुरू.

गेल्या गणपतीच्या तोंडावर सिडकोतल्या एका पोराचा रात्री फोन आला. मोदकाचे साचे आणि मखराचे कोपरे छापून विकतो. "काका, मशीन हॅक झालंय. स्क्रीनवर चायनीज येतंय." हॅकबिक काही नसणार हे उघड होतं. या जुन्या स्क्रीनला १२८६४ म्हणतात, कारण त्यावर आडवे १२८ आणि उभे ६४ ठिपके असतात. आत एसटी७९२० नावाची चिप असते आणि तिच्या पोटात चिनी अक्षरांचा अख्खा संच भरलेला असतो. तारेत गोंगाट शिरला की चिपला भलताच हुकूम ऐकू येतो आणि ती इमानदारीने चिनी अक्षरं काढून दाखवते. गंमत म्हणजे मशीन तोवर नीट छापत राहतं. स्क्रीनला काय पोचलं आणि काय नाही, हे बोर्ड विचारतच नाही.

गेलो तर स्क्रीन वरच्या फळीवर होता आणि तिथवर केबल न्यायला त्याने आर्डुइनोच्या रंगीबेरंगी जंपर वायरी (प्रयोगाच्या सर्किटसाठीच्या सुट्या, आखूड तारा) एकापुढे एक जोडल्या होत्या. जोडांवर टेप, आणि सगळं मशीनचे अक्ष हलवणाऱ्या स्टेपर मोटरच्या वायरींबरोबर एकाच स्पायरलमध्ये घालून झिप टायनी आवळलेलं. दिसायला फार सुबक. स्टेपरच्या वायरीत करंट सेकंदाला हजारो वेळा कापला जातो, आणि तिला खेटून ही बिचारी सिग्नलची तार. एक्स अक्ष (डावी-उजवीकडे सरकणारा) वेगाने धावला की चिनी सुरू, थांबला की थांबलं. एवढं डोळ्यांसमोर घडत असताना पोराने फर्मवेअर (मशीनच्या आतला प्रोग्राम) दोनदा टाकला होता, नवा स्क्रीन मागवला होता आणि कोणीतरी दिलेल्या सल्ल्यावरून मदरबोर्ड बदलायच्या बेतात होता. मी झिप टाय कापले, सिग्नलची तार वीतभर लांब धरली आणि मशीन चालू करायला सांगितलं. चिनी गेलं. मधूनमधून स्क्रीन कोरा होत होता तो टेपखालच्या एका सैल जोडामुळे.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. दहा तारांची अखंड रिबन केबल घेतली आणि दोन्ही टोकांना नवे कनेक्टर दाबले. कनेक्टर पकडीने दाबू नका. पकड एका बाजूने चावते आणि पलीकडची एखादी तार कनेक्टरच्या दातांत बसतच नाही. मी तो लाकडाच्या दोन तुकड्यांमध्ये धरून बेंच व्हाइसमध्ये सरळ दाबतो. लाल कडेची तार दोन्हीकडे एक नंबरच्या पिनवर. मग मल्टिमीटर बीपवर लावून दहाही तारा तपासायच्या, आणि शेजारच्या तारा एकमेकींना चिकटल्या नाहीत ना हेही. कंटाळवाणं काम आहे, पण मदरबोर्डपेक्षा स्वस्त.

लांबीचं म्हणाल तर अर्ध्या मीटरच्या पुढे मी जात नाही आणि मोटरच्या वायरींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडतो. यापेक्षा लांब हवा असेल तर स्क्रीन जागेवर राहू द्या आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ऑक्टोप्रिंट हे प्रिंटर चालवायचं सॉफ्टवेअर टाकून फोनवरून मशीन चालवा. शॉर्टकटवर माझा राग आहे, पण हा शॉर्टकट मला मान्य आहे.

मदरबोर्ड बदलून दुसऱ्या कंपनीचा बसवला असेल तर सॉकेटच्या खाचेवर भरवसा ठेवू नका. खाच उलट्या बाजूला असलेले बोर्ड निघतात. बोर्डावर छापलेली एक नंबरची खूण बघा. आणि कनेक्टर काढा-घालायच्या आधी मशीन बंद करा. हे लिहावं लागतंय, यातच सगळं आलं.

लांब, बारीक, लवचिक हात

स्क्रीन फक्त बघायचा नसतो, त्याचा नॉब दाबायचाही असतो, हे डिझाइन करताना लोक विसरतात. तीन मिलिमीटर जाडीचा दीडशे मिलिमीटर लांब हात, टोकाला स्क्रीन. दाबलं की मागे जातो, सोडलं की पुढे येतो, आणि 'प्रिपेअर'वर क्लिक करायला जावं तर भलताच मेनू उघडतो. मग दोष एन्कोडरला, म्हणजे नॉबखालच्या भागाला.

हिशेब सोपा आहे. हाताची लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच दाबाला तो आठपट वाकतो. जाडी दुप्पट केली तर वाकणं आठव्या हिश्श्यावर येतं. म्हणून इन्फिल (आतला भराव) शंभर टक्के करून फिलामेंट जाळण्यापेक्षा हात आखूड करा, जाडी वाढवा, कोपऱ्यात तिरपी रिब द्या आणि बाहेरच्या भिंती चार ठेवा. एल आकाराचा ब्रॅकेट उभा छापू नका, कुशीवर आडवा छापा. उभा छापला की थर नेमके कोपऱ्यात आडवे येतात आणि तिथूनच तो सोलल्यासारखा सुटतो. आडव्यात थर एलच्या आकाराबरोबर वळतात, सपोर्टही (छापताना खालून द्यायचा आधार) लागत नाही.

खरं सांगू का, बऱ्याचदा छापायची गरजच नसते. घरात प्रिंटर आहे म्हणून प्रत्येक गोष्ट प्लॅस्टिकचीच हवी, हे नवशिक्यांचं खूळ आहे. अंबड-सातपूरला पत्रा कापून बेंड करून देणारे आहेत. पुठ्ठ्याचा नमुना घेऊन जा, दोन मिलिमीटर ॲल्युमिनियममध्ये वाकवून घ्या. हलणार नाही, वितळणार नाही. फक्त स्क्रीनच्या बोर्डामागे सोल्डरची टोकं उघडी असतात, ती पत्र्याला टेकली की शॉर्ट. मध्ये प्लॅस्टिकचे स्टँडऑफ (अंतर ठेवणारे खुंट) हवेतच. स्क्रूसुद्धा मोजून घ्या, लांब स्क्रू बोर्डात घुसतो.

पीएलए आणि मे महिना

पीएलए (छपाईचं नेहमीचं प्लॅस्टिक) साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो, पण बोल्टच्या दाबाखाली तो त्याच्या बराच आधी हळूहळू सरकायला लागतो. नाशिकला मेमध्ये पारा चाळिशीला जातो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा पश्चिमेच्या खिडकीत त्याहून वर. थंडीत घट्ट बसवलेला ब्रॅकेट उन्हाळ्यात माना टाकतो. एन्क्लोजरला लागून असेल तर उष्णता जास्त सोसणारा पीईटीजी वापरा. बोल्टखाली रुंद वॉशर.

पुठ्ठा न वापरणं

मी कॅड (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडायच्या आधी पुठ्ठा कापतो, त्यावर स्क्रीनच्या मापाचा चौकोन काढतो आणि मशीनला टेपने चिकटवून काही दिवस तसाच राहू देतो. बसून बघायचं, उभं राहून बघायचं, हात कुठून जातो ते बघायचं. या एलसीडीचा बघायचा कोन अरुंद असतो. डोक्याच्या वर लावला आणि खालून बघितलं की अक्षरं फिकी पडतात. पुढे थोडा झुकवावा लागतो, तो किती हे पुठ्ठा सांगतो. लोक मात्र आधी छापतात, मग कोन बदलून परत छापतात, मग मला विचारतात की फिलामेंट कुठे स्वस्त मिळेल.

बेड (ज्यावर वस्तू छापली जाते ती पाटी) पुढेमागे पूर्ण सरकवून आणि एक्सचा दांडा वरपासून खालपर्यंत नेऊन कुठे आपटत नाही ना हेही पुठ्ठ्यावरच बघून घ्या. मशीन बंद ठेवून, हळू. बेड जोरात ढकलला की मोटर उलट वीज तयार करते आणि बंद मशीनचा स्क्रीन क्षणभर उजळतो. ते बघायला मजा येते, बोर्डाला येत नाही.

बाकी किरकोळ:

डाउनलोड केलेली फाइल तुमच्याच स्क्रीनची आहे असं धरू नका. व्हर्निअर लावा.

एम३ला (तीन मिलिमीटरच्या स्क्रूला) भोक ३.३ मिलिमीटर ठेवा. नेमकं ३ ठेवलं तर छापताना ते लहान येतं आणि मग स्क्रू ठोकून बसवणारे बसवतात.

फ्रेमच्या खाचेत टाकायचा टी-नट फिरून आडवा बसलाय का, हे ओढून बघा. नुसता घट्ट लागला म्हणजे बसला असं नाही.

दाबाने चालणारा टच स्क्रीन असेल तर चौकट त्याला चिमटता कामा नये. कडेला दाब आला की स्क्रीन आपोआप क्लिक करत सुटतो. अर्धा मिलिमीटर मोकळा सोडा.

नॉबपर्यंत जाताना हात चालत्या बेडवरून जात असेल तर ती जागा बाद. पॉवरच्या बटणाचंही तेच.

मूळ ब्रॅकेट आणि त्याचे स्क्रू पिशवीत घालून मशीनच्या मागे टेपने लावून ठेवा. मशीन विकताना गिऱ्हाईक आधी तेच मागतं.