पासवर्ड लक्षात ठेवायला चार वस्तू

सेतू केंद्रात फॉर्म भरताना हमखास दिसतं: नावापुढे 123, नाहीतर मोबाईलच्या कव्हरमागे खोचलेली चिठ्ठी. नाव-गाव-जन्मसाल कोणीही ओळखतं.

त्यापेक्षा एकमेकींशी संबंध नसलेल्या चार वस्तू घ्या. समजा तिफण, कंदील, सांडगे, चष्मा. (हेच चार नका घेऊ!) व्हॉट्सॲपवर लिहितो तसे इंग्रजी अक्षरांत सलग टाका, पहिलं अक्षर कॅपिटल, मध्ये एक आकडा, एक चिन्ह. आता चित्र डोळ्यांपुढे आणा: तिफणीला कंदील टांगलाय, खाली सांडगे वाळताहेत, त्यांवर आजोबांचा चष्मा. माझ्या आईनं पोळ्याला केलेला पासवर्ड दिवाळीत न अडखळता टाकला.

बँकेचा वेगळा ठेवा. केंद्रातल्या कॉम्प्युटरनं ‘सेव्ह करू का?’ विचारलं, तर नाहीच म्हणा आणि लॉगआउट करूनच उठा.