कॅलगरीला जाणारी वाकळ

दादा कॅनडात कॅलगरीला राहतो. नाताळच्या सुटीत तो, वहिनी आणि दोन लेकरं औशाजवळच्या आमच्या गावी येतात. तुळजापूरचं दर्शन, मामाकडचं जेवण आणि हुरडा यातून जे दिवस उरतात, तेवढ्यात लेकरांच्या हातून एक वाकळ, म्हणजे जुन्या साड्यांची गोधडी, शिवून घ्यायची असेल तर निम्मं काम पाहुणे यायच्या आधीच उरकलेलं पाहिजे. जुनेर निवडणं, धुणं, थर अंथरणं आणि कच्चा दोरा घालणं हे आपलं काम. पाहुण्यांच्या हातात थेट सुई द्यायची.

जुनेर सुतीच घ्या. नायलॉन, जॉर्जेट कितीही देखणं असलं तरी आत घातलं की थर घसरतात आणि पांघरल्यावर घाम येतो. असल्या साड्या बोहारणीला देऊन पातेलं घ्यावं. इरकल चांगली, पण तिचं अंग सुती आणि पदर रेशमी असतो, म्हणून पदर कापून बाजूला ठेवा. फॉल उसवा. जरीचा काठ गळ्याला टोचतो, तोही काढा. मग कापड दोन्ही हातांनी ताणून बघा. टर्रकन फाटलं तर ते पोटात घालायचं, वर नाही. अस्तराला नवं कापड लावायचा मोह झालाच तर आधी दोनदा धुऊन घ्या. जुन्या साड्या आटायच्या तेवढ्या आटलेल्या असतात. कोरं कापड मात्र पहिल्याच धुण्यात आकसतं आणि सगळ्या वाकळेला सुरकुत्या पाडतं.

सहावारी साडी साधारण १८ फूट. पदर काढल्यावर राहिलेल्या कापडाची तिघडी घातली की पाच फूट लांब, पावणेचार फूट रुंद असे तीन थर मिळतात. त्यावर एक थर, खाली एक थर, झाले पाच. आमच्या आज्जीच्या वाकळा याच्या दुप्पट जाडीच्या होत्या; ओली झाली की पिळायला दोन बायका लागायच्या. कॅलगरीला बाहेर उणे वीस-तीस होत असलं तरी घरात हीटरमुळे वीस-एकवीस अंश असतात. डिसेंबरच्या पहाटे आमच्या ओसरीवर त्यांच्या दिवाणखान्यापेक्षा जास्त गारठा असतो! परभणीकडं तर थंडीच्या लाटेत पारा पाचाच्याही खाली जातो. म्हणून त्यांच्यासाठी पाच थर भरपूर. वजन किलोभराच्या आसपास राहतं आणि मशीनमध्ये धुता येतं. ऊब लागते ती थरांत अडकलेल्या हवेची. टाके फार दाट घालून वाकळ पुठ्ठ्यासारखी केली तर ती हवाच निघून जाते.

अंथरायला शहाबादी फरशी उत्तम. अस्तर उलटं टाका, चारी कोपरे ताणून विटा ठेवा, मग एकेक थर टाकत तळहातानं मधून कडेकडे सपाट करत जा. वरचं कापड शेवटी. चारी कडा दोन बोटं आत दुमडायच्या. मग वीतभर अंतरानं आडवा-उभा कच्चा धावदोरा. गुडघे दुखतात, कंटाळा येतो, पण इथं घाई केली तर पुढं मधोमध फुगा येतो आणि तो कशानंच बसत नाही. लहान लेकरांच्या फ्रॉक-शर्टांची ठिगळं लावायची असतील तर तीही याच वेळी टाचून घ्या. भाचीला बंजारा कशिद्यासारखे आरसे हवे होते. मी नाही म्हणाले, मशीनमध्ये ते फुटतील. आरशांची एक पिशवी वेगळी घेऊन दिली.

पक्का धावदोरा कडेपासून सुरू करायचा. एक फेरी चारी बाजूंनी, मग बोटभर आत दुसरी, तिच्या आत तिसरी, असं मध्यापर्यंत. प्रत्येक फेरीनंतर कापड हातानं मधे सारत बसवायचं. जाड सुती दोरा हातभरच ओवा, लांब घेतला की गुंता होतो. मेणबत्तीच्या तुकड्यावरून ओढून घेतला तर सरसर जातो. मोठ्यांना अंगुस्तान लागतंच, पाच थरांतून सुई ढकलताना बोट सोलतं. आपला टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, लेकरांचा जसा येईल तसा. चार बाजूंना चार जण बसवा आणि त्यात पुरुषही धरा. दादानं टेप आणून ओळींची अंतरं मोजली, आईनं त्याला "मोजू नको, शिव" म्हणून गप्प केलं. भाच्याचे टाके बेडकासारखे उड्या मारत गेले. वहिनी ते रात्री उसवायला निघाली होती, मी सुई काढून घेतली. ज्याची ओळ त्याची.

शिवायची वेळ सकाळी दहा ते बारा, अंगणात ऊन असेपर्यंत. लेकरं अर्धा तासच टिकतात, त्याहून जास्त बसवू नका. "आत्या, ही कुणाची साडी?" हा प्रश्न दर ओळीला येतो. उत्तर आईला देऊ द्या, तेवढा वेळ हात थांबले तरी चालतील. येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, सुटीत आली तर त्या दिवशी शिवणाचं नावच काढायचं नाही. सगळे शेतात, भज्जी-उंडे आणि आंबील पोटभर, मग कडब्याच्या कोपीजवळ, म्हणजे खोपटाजवळ, ताणून द्यायची. वाकळ तिकडं नेऊ नका. कुसळं एकदा शिरली की महिनोन्‌महिने टोचतात. हुरडा खाऊन आलेल्यांना आधी हात धुवायला लावा, राखेची काळी बोटं अस्तरावर उमटतात.

भाचीला वाकळ घेऊन घसरगाडीवर बसायचं होतं. तिला सांगितलं, अंगाच्या ऊबेनं बर्फ वितळतो, सूत पाणी पितं आणि भिजलेलं सूत ऊब धरत नाही. बाहेरच्यासाठी लोकर हवी. धनगरी घोंगडी घ्यायची असेल तर बाजारात हात लावून घ्या. ताण्याला चिंचोक्याची खळ असते म्हणून नवी घोंगडी कडक आणि खरखरीत लागते. ती मशीनमध्ये टाकायची नाही, लोकर आटून गठ्ठा होतो.

शेवटी कच्चा दोरा ओढून काढा, साध्या साबणानं धुवा, दोन दिवस कडक ऊन द्या. पूर्ण सुकल्याशिवाय बॅगेत भरू नका, वास धरते. २३ किलोंच्या बॅगेत ती लोणच्याच्या बरणीभोवती गुंडाळली की दोन्ही कामं होतात. बरणी मात्र आधी दोन पिशव्यांत बांधा. मधल्या फेऱ्या राहिल्या तर तशाच जाऊ द्या, कच्चा दोरा तेवढ्या भागात ठेवा. सुई डबीत घालून मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या नको. दोऱ्याची दोन रिळं जास्तीची द्या, नाहीतर वहिनी पॉलिस्टरचा दोरा वापरून मोकळी होईल.