क्वर्कल: ओळ पाचवर सोडू नका

क्वर्कल हा रंग आणि आकार जुळवून ओळी लावायचा खेळ. त्याच्या पिशवीत १०८ लाकडी ठोकळे असतात: ६ रंग, ६ आकार, प्रत्येक जोडीचे ३ नग. प्रत्येकाने न बघता ६ उचलायचे आणि इतरांना दिसणार नाहीत असे उभे मांडायचे. रंग किंवा आकार सारखा असलेले सर्वांत जास्त ठोकळे ज्याच्याकडे, तो सुरुवात करतो.

ओळ एकाच रंगाची (आकार वेगळे) किंवा एकाच आकाराची (रंग वेगळे). तोच ठोकळा ओळीत दुसऱ्यांदा चालत नाही. नवे खेळाडू हमखास इथेच चुकतात. एका डावात कितीही ठोकळे लावा, पण सगळे एकाच ओळीत. मग हात पुन्हा ६ चा करा. लावायचे नसतील तर हवे तितके बदलून घ्या. त्या डावाला गुण नाहीत.

ओळीत जितके ठोकळे, तितके गुण. खरी मजा कोपऱ्यात आहे: तुमच्या एकाच ठोकळ्याने आडवी ओळ ४ ची आणि उभी २ ची झाली, तर ६ गुण. सहाची ओळ पूर्ण केली की १२. ओळ पाचवर सोडलीत, तर हे १२ दुसराच कोणी घेऊन जाऊ शकतो.

म्हणून चारच्या ओळीला पाचवा ठोकळा लावण्याआधी सहावा मोजा. त्याचे तिन्ही नग पटावर किंवा तुमच्याच हातात असतील, तरच बिनधास्त लावा.

पिशवी रिकामी झाल्यावर ज्याचा हात आधी संपतो, त्याला ६ गुण जास्त आणि खेळ तिथेच थांबतो.