खेड्यातला मिक्सर: घ्यावा कसा, चालवावा कसा, उघडावा कसा

मिक्सरवर समोर ठळक छापलेलं नाव एकाचं आणि कारखाना दुसऱ्याचाच, हे आता सर्रास चालतं. म्हणून दुकानात मिक्सर हातात आला की आधी उलटा करा आणि बुडाला चिकटवलेली पट्टी वाचा. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, किती वॅट, आयएसआय खुणेसोबत आयएस ४२५० हा क्रमांक, आणि खाली बारीक अक्षरात निर्माता कोण, विकणारा कोण. 'रेटिंग ३० मिनिटे' असंही लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ अर्धा तास सलग चालवा असा नाही. बहुतेक माहितीपुस्तिकांत पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद, असे सहा फेरे सांगितलेले असतात.

नावं किती फिरली ते बघा. प्रीती १९७८ साली चेन्नईत सुरू झाली, २०११ मध्ये फिलिप्सने घेतली, पुढे फिलिप्सने घरगुती उपकरणांचा सगळा धंदाच विकला आणि त्या कंपनीचं नाव आता व्हर्सुनी आहे. महाराजा व्हाइटलाइन २०११ मध्ये फ्रान्सच्या सेब समूहाकडे गेली. बटरफ्लाय २०२२ मध्ये क्रॉम्प्टनने घेतली. मॉर्फी रिचर्ड्स मूळची १९३६ची इंग्रज कंपनी, पण भारतात ते नाव बजाज इलेक्ट्रिकल्स अनेक वर्षं परवान्यावर विकत होती, आणि २०२५ मध्ये तिने भारतापुरतं ते नावच विकत घ्यायचा करार केला. बजाज मात्र आपल्याकडची: जमनालाल बजाज वर्ध्याचे. त्यांच्या घराण्याची ही विजेच्या सामानाची कंपनी १९३८ साली रेडिओ लॅम्प वर्क्स या नावाने निघाली आणि १९६० मध्ये बजाज इलेक्ट्रिकल्स झाली.

हा इतिहास गिऱ्हाइकाच्या कामाचा एवढ्यासाठी, की कंपनी विकली गेली की पहिल्यांदा जुन्या मॉडेलचे सुटे भाग बाजारातून जातात. दहा वर्षांच्या मिक्सरची मोटर ठणठणीत असते आणि जारचा कपलर (जार आणि मोटर जोडणारी दातेरी चकती) मिळत नाही म्हणून मशीन माळ्यावर जातं. तेव्हा घेण्याआधी तालुक्याच्या ठिकाणी ज्या दुकानात मिक्सर दुरुस्त होतात तिथे जाऊन दोनच गोष्टी विचारा: या मॉडेलचा कपलर आणि कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, झिजणारे तुकडे) आत्ता गल्ल्यामागे आहे का? असेल तर घ्या. 'नागपूरवरून मागवावा लागंल' असं उत्तर आलं तर दुसरं मॉडेल बघा, मग त्यावर कितीही सूट असो.

आपल्या मिक्सरची मोटर अशी का

मिक्सरमध्ये असते ती युनिव्हर्सल मोटर, म्हणजे एसी-डीसी दोन्हींवर चालणारी, कार्बन ब्रशवाली. छोटी आणि अतिवेगवान अशी ही मोटर घरगुती यंत्रांत रुळवली ती अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावच्या हॅमिल्टन बीच कंपनीने, १९१० च्या सुमारास. युरोपात आणि अमेरिकेत तिच्यावर अंडी, साय, फळं, केकचं पीठ घुसळलं जायचं. सुकं खोबरं, भिजवलेली डाळ, वाळलेली मिरची हे काम तिच्या हिशेबात नव्हतं. सत्य प्रकाश माथुर हे सीमेन्समध्ये इंजिनिअर होते. त्यांच्या घरचा जर्मन ब्राउन मिक्सर भारतीय स्वयंपाकात जळाला, आणि त्यातून १९६३ मध्ये मुंबईत कंपनी निघून सुमीत मिक्सर आला. जास्त ताकदीची मोटर, स्टीलचे जार, ओल्या-सुक्यासाठी वेगवेगळी पाती: आज कोणत्याही कंपनीचा मिक्सर घ्या, सांगाडा तोच आहे.

वॅटचं म्हणाल तर घरच्या वापराला ५०० ते ५५० पुरतात. वर्षाचं तिखट आणि मसाला घरीच होत असेल, वड्यांची डाळ वाटली जात असेल तर ७५० घ्या. त्यापुढचा आकडा बहुतेक वेळा खोक्यावर शोभतो.

व्होल्टेज

विदर्भात मिक्सर जळण्याचं मुख्य कारण हेच, आणि वेळही ठरलेली: एप्रिल-मे. तिखट, हळद, मसाला ही उन्हाळी कामं त्याच दिवसांत येतात. बाहेर पारा ४५च्या आसपास, घरोघरी कूलर, आणि डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, ताण. व्होल्टेज कमी झालं की मिक्सर 'हळू चालतो, बाकी काही नाही' असं वाटतं. तसं नसतं. घट्ट वाटण फिरवायला जितका करंट लागतो तितका मोटर घेतच राहते, पण वेग पडतो. आतला थंडाव्याचा पंखा त्याच शाफ्टवर (मोटरच्या फिरत्या दांड्यावर) बसवलेला, म्हणून तोही मंदावतो. उष्णता तेवढीच आणि हवा निम्मी, की वाइंडिंगचा, म्हणजे मोटरच्या तारेच्या वेढ्यांचा, वार्निश वितळू लागतो. पातं पूर्ण अडकलं तर करंट एकदम कित्येक पट होतो आणि मग प्रश्न काही सेकंदांचा उरतो.

सॉकेटमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, तो बोर्डावर लावून ठेवा. २०० च्या खाली काटा असला तर सुकं दळण थांबवा, १८० च्या खाली मिक्सरला हातच लावू नका. एलईडी दिव्यावरून अंदाज करू नका, तो कमी व्होल्टेजलाही तेवढाच उजेड देतो. पंख्यावरून कळतं. दळणाची कामं पहाटे किंवा सकाळी लवकर उरकावीत. मिक्सरसाठी वेगळा स्टॅबिलायझर घेण्यात अर्थ नाही: ७५० वॅटला किमान दीड-दोन केव्हीएचा लागतो, तेवढ्या पैशात दुसरा मिक्सर येतो. घरच्या लहान इन्व्हर्टरवरही चालवू नका, सुरू होतानाचा झटका त्याला पेलत नाही.

उलटा धोका न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत जाण्याच्या तारेचा. खांबावर किंवा डीपीवर न्यूट्रल सैल झाला की घरात २३० ऐवजी ३५०-४०० पर्यंत व्होल्टेज येऊ शकतं. दिवे अचानक प्रखर झाले, पंखा घोंगावायला लागला की मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. काम झालं की मिक्सरची पिन काढून ठेवायची ती यासाठीच.

काय, किती, कसं

मिरची: देठ काढून उन्हात कडक वाळवा, हाताने मोडल्यावर कट्ट आवाज आला पाहिजे. भिवापुरी असो की दुसरी, नरम मिरची पात्याला गुंडाळते. जार अर्ध्याच्या वर भरू नका. आधी व्हिपवर (बटण धरून ठेवलं तेवढंच चालतं ती खूण) दोन-तीन झटके, मग पहिला नंबर, मग तिसरा. एका भरतीला मिनिटभर पुरे.

हळकुंड आणि सुंठ अख्खी टाकायची नाही. खलबत्त्यात हरभऱ्याएवढे तुकडे करा. अख्ख्या हळकुंडाने पातं वाकतं किंवा कपलरचे दात उडतात.

सावजी मसाल्याचं खोबरं आणि खसखस भाजून पूर्ण गार होऊ द्या, आणि धणे-दगडफूल-मिरीच्या कोरड्या भुकटीनंतर शेवटी टाका. गरम खोबरं लगेच तेल सोडतं, त्याचा लगदा पात्याखाली बसतो, वरचं तसंच राहतं आणि माणूस बटण दाबून वाट बघत बसतो. जवसाच्या चटणीचंही तेच. दहा-दहा सेकंदांचे झटके द्या, मधे सराट्याने कडा खरवडा.

वडा-भाताच्या डाळी हे मिक्सरचं सगळ्यात जड काम. वाटण घट्ट आणि भरड हवं, म्हणून पाणी घालता येत नाही. पाच-सहा तास भिजवून चाळणीत पूर्ण निथळा आणि एका वेळी भिजलेली दोन वाट्यांपेक्षा जास्त डाळ घेऊ नका. पातं जागच्या जागी फिरतंय आणि डाळ हलत नाही असं दिसलं की लगेच बंद करून हलवा. एखादा चमचा पाणी घातल्याने वडा बिघडत नाही. पोळ्याच्या दिवशी पुरण आणि वडे दोन्ही असतात, तेव्हा पुरण तरी मिक्सरमधून काढू नका. त्याला पुरणयंत्रच बरं. गंमत म्हणजे मुलिनेक्स या मोठ्या फ्रेंच कंपनीची सुरुवात अशाच यंत्राने झाली: १९३२ मध्ये झाँ माँतले यांनी बटाटे-भाज्या कुस्करायची हाताने फिरवायची चाळणी काढली, ती आपल्या पुरणयंत्राच्याच जातीची.

कॉफी

मेळघाटात चिखलदऱ्याला कॉफी पिकते, आणि तिथून भाजलेल्या बिया कोणी आणल्या की त्या दळायच्या कशात हा प्रश्न येतो. वेगळं यंत्र घ्यायची गरज नाही. मुलिनेक्सने १९५६ मध्ये विजेवरची स्वस्त कॉफीची चक्की काढून घराघरात पोचवली, तिच्यातही फिरणारं पातंच होतं, म्हणजे चटणीच्या जारात होतं तेच. जार अगदी कोरडा हवा. तिखटाचा वास जायला आधी मूठभर कोरडे तांदूळ फिरवून काढा. ४० ते ५० ग्रॅम बिया घ्या, तीन-चार सेकंदांचा झटका, जार हलवा, पुन्हा झटका, असं सात-आठ वेळा. सलग फिरवलं तर भुकटी तापते आणि सुगंध दळतानाच उडून जातो. पात्याने दळलेली कॉफी एकसारखी होत नाही, थोडी भरड थोडी बारीक राहतेच. स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरला ती चालते: वरच्या भांड्यात २० ते २५ ग्रॅम पूड हलकी दाबून बसवा, उकळी थांबलेलं १५० मिलिलिटर पाणी ओता, १५-२० मिनिटं झिरपू द्या. पाणी भसकन खाली गेलं तर दळण भरड आहे, थेंबही पडत नसेल तर फार बारीक झालंय किंवा जास्त दाबलंय.

बंद पडला तर

आधी पिन काढा. मग या क्रमाने जा.

१. बुडाखालचं लाल बटण. ते ओव्हरलोडचं असतं, मोटर तापली की बाहेर येतं. पाच-दहा मिनिटं थांबून दाबा. लगेच दाबाल तर टिकणार नाही. दर वेळी उडत असेल तर जारात माल जास्त आहे किंवा व्होल्टेज कमी आहे. बटण टेप लावून दाबून ठेवणारे मिस्त्री भेटतात, त्यांच्याकडे पुन्हा जाऊ नका.

२. वायर, विशेषतः पिनेजवळची दोन बोटं जागा. गुंडाळून ठेवल्याने आतली तार तिथेच तुटते.

३. मोटरचा आवाज येतो पण पातं फिरत नाही: कपलर गेला. प्लास्टिकचे दात मुद्दाम नरम ठेवलेले असतात, म्हणजे अडकल्यावर मोटरऐवजी ते जातात. मोटरवरचा कपलर काढायची युक्ती अशी: जार न लावता क्षणभर व्हिप देऊन तो कोणत्या बाजूला फिरतो ते बघून ठेवा, पिन काढा, बुडाचं झाकण उघडून शाफ्टचं खालचं टोक धरा आणि कपलर त्याच बाजूला फिरवा. चालताना लोड त्याला उलट बाजूने आवळत असतो, म्हणून फिरण्याच्या दिशेनेच तो सुटतो. उलटा जोर लावला की आटे जातात. खालच्या वॉशरचा क्रम लक्षात ठेवा.

४. अधूनमधून चालतो, फटीतून मोठ्या ठिणग्या दिसतात: कार्बन झिजले. अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा कमी उरले की बदला, आणि नेहमी जोडीने. ते बसतात ती तांब्याची कडी, म्हणजे कम्युटेटर, काळी पडली असेल तर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने पुसा, पट्ट्यांमधली भुकटी ब्रशने झाडा. नवे कार्बन लावल्यावर दोन-तीन मिनिटं रिकामा चालवा, थोड्या निळसर ठिणग्या चालतात. कडीभोवती पूर्ण गोल आगीची रेघ दिसली तर मात्र आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, गेलं.

५. जारखाली काळसर पाणी: जारचा बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) आणि रबर झिजले. पातं बोटांनी आडवं हलवून बघा, स्पष्ट खेळत असेल तर पात्याचा सेट बदला. हे टाळू नका, कारण ते पाणी थेट मोटरच्या बेअरिंगवर पडतं. जारच्या बुशात तेल घालू नका, ते चटणीत उतरतं. मोटरचा बुश किंचाळत असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब पुरतात. खोबरेल किंवा खायचं तेल घातलं तर ते घट्ट होऊन शाफ्ट धरून बसतं.

जळका वास येऊन धूर निघाला असेल तर दोन वाटा आहेत. आर्मेचर तयार मिळतं, ते बदलून घ्यावं. गावातल्या रिवायंडिंगने आर्मेचरचा तोल नीट राहत नाही, आणि मिनिटाला १८-२० हजार फेऱ्यांवर थोडाही तोल गेला की बुश महिन्या-दोन महिन्यांत जातो. फील्ड कॉइल (आर्मेचरभोवतीचं स्थिर तारेचं वेटोळं) मात्र भरून घ्यायला हरकत नाही, ती फिरत नाही. तांब्याचीच तार भरा असं आधी सांगा आणि जुनी कॉइल परत मागा. वॉरंटीत असेल तर काही उघडू नका: मोटरची वॉरंटी मोठी असली तरी कपलर, कार्बन, जार सहसा तिच्यात येत नाहीत, आणि बुडाचं सील तुटलेलं दिसलं की मोटरचाही दावा नाकारला जातो. बिलाचा फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची शाई विदर्भाच्या एका उन्हाळ्यात पुसट होते.