हापूसचा मोहोर: फवारणीआधी शेंडा पाहा

थंडी पडली, कोकणात आंब्याच्या कलमांना बोंगे, म्हणजे मोहोराचे फुगलेले डोळे, फुटू लागले, की बागायतदार पंप बाहेर काढतो. त्याआधी एक फुललेला मोहोर हातात धरून नीट पाहा.

मधला दांडा, त्याला बाजूच्या फांद्या, त्यांनाही बारीक फाटे आणि टोकाला तीन-तीन फुले. तिघांतले मधले आधी उमलते. एका मोहोरावर फुले हजाराच्या घरात असली, तरी बहुतेक नर असतात. फळ धरते ते फक्त संयुक्त, म्हणजे नर-मादी दोन्ही भाग असलेल्या फुलांना. भिंगातून पाहिल्यास त्यांच्या मध्यभागी हिरवट-पिवळा गोल अंडाशय दिसतो, नर फुलात तो नसतो. ही संयुक्त फुले मोहोराच्या शेंड्याकडे जास्त असतात. म्हणून शेंडा भुरी किंवा करपा या बुरशीजन्य रोगांनी गेला, तर खालचा मोहोर कितीही भरगच्च दिसो, कणी (बारीक फळ) फारशी धरत नाही.

कडाक्याच्या थंडीत आलेल्या मोहोरात नर फुलांचे प्रमाण वाढते. तिथे कणी कमी दिसली म्हणून औषधांचा मारा वाढवू नका. तो खर्च वाया जातो.

तुडतुडे ही मोहोराचा रस शोषणारी कीड. त्यांची मादी मोहोराच्या कोवळ्या दांड्यात अंडी घालते. त्यामुळे त्यांचा बंदोबस्त फुले उमलण्याआधी, बोंगे फुटतानाच करायला हवा. आंब्याचा पराग चिकट असतो, तो माश्या आणि मधमाश्याच वाहून नेतात. फुले उमलल्यापासून कणी धरेपर्यंत कीटकनाशक शक्यतो टाळाच. मळभ आणि दवामुळे भुरी दिसलीच, तर पाण्यात मिसळणारे 80 टक्के गंधक 10 लिटरला 20 ग्रॅम घ्या. सकाळी 9 ते 12 ही परागीभवनाची वेळ सोडा, उन्हे उतरल्यावर फवारा. नोझल बारीक ठेवा, जोराच्या धारेने फुले झडतात.

थंडी लांबली तर पुनर्मोहोराकडे लक्ष हवे. कणी धरलेल्या दांड्याच्या बुडाशी नवा मोहोर फुटतो, अन्न तिकडे वळते आणि वाटाण्याएवढी फळे गळतात. हा नवा मोहोर रोखायला, पुरेसा मोहोर आलेल्या कलमांवर, तो फुललेला असताना जिबरेलिक ॲसिड हे वाढनियंत्रक 50 पीपीएम (दहा लाख भागांत 50), म्हणजे 20 लिटर पाण्यात 1 ग्रॅम फवारा. पावडर आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा, थेट पाण्यात ती नीट विरघळत नाही.

फळे सुपारीएवढी झाली की वाळलेल्या मोहोराच्या काड्या हलक्या हाताने झाडून काढा. त्या वाऱ्याने घासून कोवळ्या सालीवर चरे पडतात.