आईला फोन शिकवताय? या चुका टाळा

बेळगावजवळच्या येळ्ळूरला आईच्या हातात पहिला स्मार्टफोन दिला आणि मी सरळ व्हॉट्सॲपच शिकवायला बसलो. आठ दिवस झाले तरी गाडी पुढं सरकेना. वय झालं, आता जमायचं नाही, असं मी धरून चाललो, आणि हीच पहिली चूक.

अडचण वयाची नव्हती, लिपीची होती. फोन इंग्रजीत, सरकारी मेसेज कन्नडमध्ये आणि आई शिकलेली मराठी शाळेत. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2,000 रुपये जमा झाले की नाही, हे वाचून घ्यायला ती शेजारी जायची. रोजचं वर्तमानपत्र पहिल्या पानापासून वाचणाऱ्या बाईला स्वतःच्या फोनपुढं अडाणी वाटावं, याचं मला फार वाईट वाटलं.

म्हणून काही शिकवण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन फोनची भाषा मराठी करा आणि अक्षरं मोठी करा. नंबर देवनागरीत, आईच्या तोंडी असलेल्या नावानं साठवा: ‘थोरली’, ‘खानापूरची मावशी’, ‘गॅसवाला’. कीबोर्डवर मराठी घेतली की माइक दाबून नुसतं बोललं तरी मजकूर उमटतो. कन्नड मेसेज आला तर त्याचा स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सनं मराठीत वाचता येतो. भाषांतर ओबडधोबड असतं, पण मतलब कळतो. तुम्ही पुण्या-मुंबईला असाल तर तुमचाही फोन थोडे दिवस मराठीत ठेवा. नाहीतर तुम्ही फोनवरून इंग्रजी शब्द सांगत राहणार आणि आई स्क्रीनवर तो शोधत बसणार.

दुसरी चूक म्हणजे ‘आण इकडं’ म्हणत फोन हातातून काढून घेणं. काम तुमचं होतं, त्यांचं शिकणं राहतं. बोट त्यांचंच चालू द्या, वेळ लागला तर लागू दे.

‘बाळ, व्हॉट्सॲप गेलं की रे!’ असा फोन आला की बहुतेक वेळा ते गेलेलं नसतं. आई दाराची बेल दाबावी तशी बोट दाबून धरायची, मग चिन्ह हलायचं आणि भलतीकडं जाऊन बसायचं. होम स्क्रीन लॉक करायची सोय बऱ्याच फोनमध्ये असते, ती चालू करा. सुलभतेच्या सेटिंग्जमध्ये स्पर्श धरून ठेवण्याचा वेळही वाढवता येतो. भाकऱ्या थापून, भांडी घासून बोटं कोरडी पडली की स्क्रीन दाद देत नाही, तेव्हा ओल्या फडक्याला बोट पुसून बघायला सांगा. इंटरनेट बंद पडलं असेल तर आधी विमानाचं चिन्ह दिसतंय का ते विचारा. पदरात फोन गुंडाळताना तेही दाबलं जातं.

पैशाचे व्यवहार मात्र अगदी शेवटी शिकवा, आणि तेही 10 रुपये तुम्हालाच पाठवायला लावून. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगा. ‘तुमचे पैसे अडकलेत, ओटीपी सांगा’ म्हणणारा कन्नडमध्ये बोलू दे नाहीतर अस्खलित मराठीत, फोन ठेवायचा. फसवणूक झालीच तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करायची. आणि त्यांना रागावू नका. रागाच्या भीतीनं माणसं गोष्ट लपवतात आणि त्यात वेळ जातो.

आईनं तो नंबर स्वतःच्या अक्षरात कॅलेंडरच्या कडेला लिहिलाय. नवं कॅलेंडर आलं की आधी तोच उतरवून घेते.