मुलांच्या श्वासाचं बळ मोजताना या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शाळांमध्ये निरोगी मुलांच्या श्वासाच्या स्नायूंची ताकद मोजायला मी बरीच वर्षं जाते आहे. सोबतीला दरवर्षी नवे इंटर्न असतात आणि चुका मात्र जुन्याच असतात. यंत्र साधं आहे: तोंडात माउथपीस, नाकाला क्लिप, बंद नळीतून जोरात श्वास ओढायचा किंवा फुंकायचा, आणि दाब किती पडला ते सेंटिमीटर पाण्याच्या मापात वाचायचं. ओढण्याचा दाब म्हणजे एमआयपी, फुंकण्याचा म्हणजे एमईपी. एवढं सोपं दिसतं म्हणूनच घाई होते. मूल जो आकडा देतं त्यात निम्मा हात मोजणाऱ्याचा असतो, हे कुणी लक्षातच घेत नाही.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते. माउथपीसजवळ साधारण 2 मिलिमीटरचं एक बारीक छिद्र असतं. ते बुजवू नका. कधीच नाही.

चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत चौथीच्या मुलांची मोजणी चालू होती. मी दुसऱ्या खोलीत उंची-वजन घेत होते. तासाभराने वही पाहिली तर नऊ वर्षांच्या एका मुलीचा एमआयपी 118. तिच्या खालच्या मुलाचा 109. त्या वर्गाच्या गुरुजींचा सकाळी हौसेनं घेतला होता, तो 92. चौथीतली पोरं गुरुजींच्या वर कशी? मी यंत्र हातात घेतलं तर छिद्रावर चिकटपट्टी. इंटर्न मुलगा हुशार होता, मन लावून काम करणारा. "मॅडम, तिथून हवा गळत होती, म्हणून बंद केलं," म्हणाला.

गळायलाच हवी ती. छिद्र बंद असलं की मूल घसा आवळतं आणि फक्त गाल आत ओढून दाब तयार करतं, बाटलीतलं शेवटचं सरबत ओढावं तसं. त्यात छातीचा काही संबंध नसतो. छिद्रातून थोडी हवा आत येत राहिली की गालांची ही ओढ टिकत नाही. दाब टिकवायचा तर घसा उघडा ठेवून छातीनंच ओढावं लागतं. पुढच्या आठवड्यात आम्ही त्या चाळीस मुलांना पुन्हा बसवलं. त्याच मुलीचा आकडा आला 64. वही पहिल्या पानापासून पुन्हा लिहिली, आणि त्या इंटर्नलाच लिहायला लावली. आता मी सकाळी पहिलं काम करते ते छिद्रात सुई घालून पाहण्याचं. लाळ सुकूनही ते बुजतं.

याला जोडूनच सूचनेची चूक येते. "स्ट्रॉनं ओढतो तसं ओढ" असं मुलाला सांगू नका. स्ट्रॉनं आपण गालांनीच ओढतो, म्हणजे जे नको तेच तुम्ही शिकवता. मी म्हणते, "विहिरीत डुबकी मारून वर आलास की पहिला श्वास कसा घेतोस, तसा घे." पोरांना लगेच कळतं. फुंकताना उलटी अडचण येते. घरी फुंकणीनं चूल पेटवणारी मुलं गाल फुगवून फुंकतात, कारण त्यांना तीच सवय. तेव्हा मी दोन्ही तळहातांनी त्यांचे गाल हलके दाबून धरते. आणि सूचना मुलाच्या घरच्या बोलीत द्या. एरंडोल-पारोळ्याकडे मी सरळ अहिराणीत सांगते, "बठ्ठी हवा बाहेर काढ, मंग जोरमा ओढ," म्हणजे सगळी हवा बाहेर काढ, मग जोरात ओढ. धडगावच्या पाड्यांवर अहिराणी चालत नाही, तिथे पावरी बोलणारी ताई सोबत न्यावी लागते. पुस्तकी मराठीत "दीर्घ श्वास घ्या" म्हटलं की मूल नुसतं मान डोलावतं.

दुसरी माझ्या डोक्यात बसलेली चूक म्हणजे ओढायला सुरुवात कुठून करायची ती. श्वास ओढण्याचा दाब सगळ्यात जास्त येतो तो छाती पूर्ण रिकामी असताना. तेव्हा श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला पडद्यासारखा स्नायू) वर चढलेलं, लांबलेलं असतं, आणि लांबलेला स्नायू जास्त जोर लावतो. शिवाय दबलेली छाती स्वतःही बाहेर उसळायला पाहते, तिचा हातभार लागतो. तेच मूल अर्धा श्वास भरून ओढायला लागलं की आकडा पडतो, आणि आपण लिहितो "कमी". फुंकण्याचं याच्या उलट: आधी छाती काठोकाठ भरायची. ओढण्याच्या मोजणीआधी माझी सवय अशी की मुलाच्या खालच्या बरगड्यांवर हात ठेवते आणि "सूऽऽ" करायला सांगते. आवाज पूर्ण संपला, बरगड्या थांबल्या, की मगच माउथपीस तोंडात. याला दहा सेकंद जास्त लागतात. ज्यांना हे दहा सेकंद जड जातात त्यांनी लहान मुलांचं मोजायला येऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तीन प्रयत्न झाले की थांबायचं, ही आणखी एक घाई. मूल करता करता शिकतं. तीन आकडे एकमेकांच्या 20 टक्क्यांच्या आत यायला हवेत हे खरं, पण शेवटचा प्रयत्न सगळ्यात मोठा असेल तर मी पुढे चालू ठेवते. मुलांचे पाचाच्या आत मी कधी थांबवत नाही. मध्ये मिनिटभर विश्रांती द्या. त्या मिनिटात गप्पा मारा, नंबर मोठ्यानं वाचून पोरांची स्पर्धा लावू नका.

क्षणभर उसळलेला आकडा लिहू नका, निदान एक सेकंद टिकलेला लिहा.

खिचडी खाऊन आलेल्या मुलांना लगेच बसवू नका. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या वर्गात दुपारी तर अजिबात नाही, सकाळी दहाच्या आत आटपा.

कान फुटलेला असेल, नुकतंच हर्नियाचं किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, तर त्या मुलाला वगळा. हे आधी घरच्यांना विचारा, शिक्षकांना माहीत असेलच असं नाही.

सहा वर्षांखालच्या मुलाशी माउथपीसवरून भांडू नका. त्याला एका नाकपुडीत दाब मोजणाऱ्या नळीचं बूच बसवून जोरात हुंगायला लावायची चाचणी सोपी जाते, हुंगणं कुणाला शिकवावं लागत नाही.

जुन्या यंत्रावर पाऱ्याचं माप असतं. 1 मिलिमीटर पारा म्हणजे 1.36 सेंटिमीटर पाणी. एकाच वहीत दोन्ही मापं मी पाहिली आहेत.

आता आकडा नॉर्मल आहे का ते ज्यांवरून ठरवतात त्या तक्त्यांबद्दल. 1969 चा ब्लॅक आणि हायट यांचा तक्ता सगळीकडे चिकटवलेला दिसतो. तो मोठ्या माणसांचा आहे. दहा वर्षांच्या मुलाला त्यात बसवलं तर धडधाकट मूल आजारी ठरेल. मुलांचा तक्ता वेगळा घ्या, मुलगे आणि मुली वेगळे पाहा, आणि वय लिहा तसं उंची-वजनही लिहा. तो तक्ता आपल्याकडच्या मुलांचा नसेल तर तसं पानावर नमूद करा.

एवढं करूनही आकडा कमी आला तर? चांगला आकडा आला तर स्नायू सशक्त आहेत हे नक्की म्हणता येतं. कमी आला तर तसं उलट म्हणता येत नाही. मूल लाजलं असेल, ओठांच्या कडेने हवा सुटली असेल, सूचना कळली नसेल. यावलजवळ एका आईला कुणीतरी चिठ्ठीवर "फुफ्फुसे कमजोर" लिहून दिलं होतं. तिनं पोराचं खेळणं महिनाभर बंद केलं. तो मुलगा रोज केळीच्या बागेतून दीड किलोमीटर पळत शाळेत यायचा. मी त्याला पुन्हा बसवलं, सहाव्या प्रयत्नात आकडा वयाला साजेसा आला. तिनं श्वासाच्या व्यायामाचं ते तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्रही आणलं होतं आणि मुलगा त्यात फुंकत होता. ते ओढायचं असतं, आणि धडधाकट मुलाला ते लागतही नाही. आता चिठ्ठीवर मी फक्त आकडा, किती प्रयत्न झाले ते आणि "पुन्हा मोजायचे" एवढंच लिहिते, आणि आईशी समोर बसून बोलते.